चोवीस झावळ्यांचा पंचनामा

ताडीच्या गुन्ह्यात चौकीवर बसवून ठेवलेला आणि तरीही चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून टिकलेला माणूस आमच्या सबंध धर्मप्रांतात माझ्याशिवाय दुसरा नसावा. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण गेली कित्येक वर्षं मंडळीच्या जेवणात कोणीतरी हटकून उठतो, "शांतवनराव, ती शिंदीची गोष्ट होऊन जाऊ द्या" म्हणतो, आणि मी तोंड उघडायच्या आत निम्मे लोक हसायला लागतात. म्हणून एकदाची लिहूनच ठेवतो. ज्यांना हसायचं त्यांनी आपापल्या घरी बसून हसावं.

साल छप्पन. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि नगरकडची आम्ही सतरा ख्रिस्ती कुटुंबं नोकरीमागे येऊन चिंचवड स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांतून राहत होतो. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. आम्ही अँग्लिकन, पण जवळपास आमचं चर्च नव्हतं. दर रविवारी इस्त्रीचे कपडे घालून गाडीने पुण्याला जायचं आणि दुपारी चुरगळून परत यायचं, असा क्रम होता.

उपासकाळात मात्र चिंचवडला आमचं राज्य असायचं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे आमचा उपासकाळ. बुधवारी कुणाच्या तरी खोलीवर घरसभा, शुक्रवारी क्रूसमार्गाची उपासना, शनिवारी गाण्याची तालीम. आठवड्यातले तीन दिवस आम्ही एकमेकांच्या घरी प्रार्थना करायचो आणि उरलेले चार दिवस कोणाची प्रार्थना किती लांबली यावर बोलायचो. घरसभेला यजमानाने फक्त कोरा चहा आणि फुटाणे द्यावेत असा ठराव होता. अक्षर चांगलं म्हणून तो ठराव मीच लिहिला होता. आमच्यातल्या कुसुमताईंनी दुसऱ्याच आठवड्यात फुटाण्यांत खोबऱ्याचे तुकडे घातले आणि बायकांच्या मातृसंघात सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, खोबरं ही चैन आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घरात होतं ते घातलं. पंधरा दिवस हा वाद चालला आणि पंधरा दिवस दोन्ही बाजूंनी खोबरं खाल्लं. आज पंचपक्वान्नांचं ताट समोर असतं, पण त्या फुटाण्यांसारखं पोट भरत नाही, खरं सांगतो.

पहिली घरसभा आमच्याकडे होती. दहा बाय बाराच्या खोलीत एकतीस माणसं, दारात चपलांचा ढीग, आणि मधोमध एक पट्टी कायमची दबलेली पेटी. पुण्याहून सायकल मारत आलेले पाद्री भिंगारदिवे घाम पुसत बसले होते. प्रार्थना संपली, चहा फिरला, आणि भिंतीला टेकून बसलेल्या रतनबाई म्हणाल्या, "पाद्रीसाहेब, यंदा झावळ्यांचा रविवार हितंच करा की."

रतनबाई कुसुमताईंच्या चुलतसासू. तीस वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यात बायबलबाई म्हणून काम केलेलं. काखेत झोळी, झोळीत पुस्तक आणि पाटी, आणि पायी या गावाहून त्या गावाला. आमच्या गावच्या चावडीमागे मला बाराखडी त्यांनीच गिरवून घेतली होती. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. गाडीच्या पायरीवर पाय चढत नसे, त्यामुळे वर्षभर त्यांना चर्च दिसलं नव्हतं.

"झावळ्यांचा रविवार आजवर कधी चुकवला न्हाई मी," रतनबाई म्हणाल्या. "एकदा तापात होते तरी गेले. यंदा तुमी समदे पुण्याला जानार आन् मी हितं कोंबड्या हाकत बसनार."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी प्रभू यरुशलेमात आला, तेव्हा लोकांनी खजुरीच्या झावळ्या हातात घेऊन त्याचं स्वागत केलं. म्हणून आम्हीही त्या दिवशी झावळ्या घेऊन गात फेरी काढतो. पाद्रीसाहेबांनी विचार केला. "इथे करायला माझी ना नाही. शाळेची खोली मिळेल, गाणारी माणसं आहेत. पण झावळ्या? पुण्याला आवारातच झाडं आहेत. इथे कोण आणणार?"

खोलीत सगळे एकाएकी आपापल्या कपात बघायला लागले. माझा चहा दुर्दैवाने संपला होता.

"झावळ्या माझ्याकडे लागल्या," मी म्हणालो.

रतनबाईंनी हात लांब करून माझ्या डोक्यावरून फिरवला. आमची शालन स्वयंपाकाच्या बाजूने माझ्याकडे अशी काही बघत होती की मी पुढचा अर्धा तास तिकडे मान वळवली नाही. पाद्रीसाहेब म्हणाले, "ठीक. आदल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत झावळ्या तयार असल्याचा निरोप आला, तर मी सकाळी चिंचवडला. नाही आला, तर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी पुण्याला."

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारच्या इंदुताईंना घरसभेतलं सगळं भिंतीपलीकडून ऐकू येई, आणि त्या ते लपवतही नसत. "भाऊजी, केळीचे खुंट आणा की. आम्ही पूजेला बांधतो तेच. दिसतातही भरघोस." मी म्हटलं, केळ चालत नाही, खजुरीच्या जातीचं झाड हवं. त्यांचे यजमान चिमाजीराव आमच्याच कारखान्यात फिटर. ते म्हणाले, "उसाचं वाढं आणा राव. लांबून कोणाला कळतंय?" आता साठ माणसं उसाचे शेंडे हातात धरून रस्त्याने निघाली, तर पाठीमागून गावातली सगळी गुरं येतील, हे त्यांना समजावून सांगता सांगता माझी पहिली शिफ्ट चुकली.

शेवटी खजुरीच्या जातीचं या मुलुखात एकच झाड निघालं, ते म्हणजे शिंदी. रहाटणीच्या अंगाला ओढ्याकाठी गेनबाच्या बांधावर चार शिंद्या होत्या. मी रविवारी दुपारी तिकडे गेलो. गेनबा बांधावर विडी ओढत बसला होता. मी नुसतं झाडांकडे बोट दाखवलं तर तो ताडकन उठला.

"बोट दावू नगा साहेब! ह्या झाडांकडं कुनी बगितलं तरी सयाजी जमादार आमच्या घरात येऊन मडकी हुंगतोय."

ते दारूबंदीचे दिवस होते. शिंदीच्या झाडातून जो रस निघतो तो पहाटे नीरा असतो आणि उन्हं चढली की दारू होतो, त्यामुळे सरकारचा या झाडावर डोळा. प्रत्येक बुंध्यावर डांबराने नंबर घातलेला. गेनबा म्हणाला, "मला झावळ्यांचं काय बी न्हाई. हव्या तेवढ्या न्या. पर सरकारचा कागद आना."

कागद म्हटल्यावर माझ्या अंगात उत्साह संचारला. अर्ज लिहिण्यात स्टोअरमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी दीड पानी अर्ज लिहिला, कंपनीत हाफ डे टाकला आणि पुण्याच्या त्या कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही. तिथे अजून माणसं काम करतात.

तिथल्या कारकुनाने माझा अर्ज अक्षरासकट बाजूला सारला आणि छापील नमुना पुढे टाकला. नमुन्यात रकाने होते: झाडांचे क्रमांक, मडक्यांची संख्या, रस काढण्याची वेळ. मी झाडापुढे बांधावर वाचलेला नंबर तीन आणि मडक्यांपुढे 'निरंक' लिहिलं.

"मडकं नाही?" कारकून म्हणाला. "मग झाडावर चढता कशाला?"

"झावळ्यांसाठी."

"झावळ्यांचं काय करणार?"

"हातात धरून रस्त्याने गात जाणार."

"किती जण?"

"साठेक."

त्याने चष्मा काढला. "साठ माणसं शिंदीच्या झावळ्या घेऊन भर रस्त्यात गाणार, आणि कोणी एक थेंबही घेतलेला नसणार?"

"नाही."

"अहो, घेतलेली असती तर मला समजलं असतं."

मी सणाची माहिती दिली. त्याने सुट्ट्यांची यादी काढली. "गुड फ्रायडे आहे. हा तुमचा झावळ्यांचा रविवार यादीत नाही."

"रविवारच आहे साहेब, सुट्टी कशाला लागेल?"

"यादीत नाही," तो म्हणाला, आणि पाद्रीसाहेबांचं पत्र आणायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी पत्र घेऊन गेलो. त्याने पत्रावरचं नाव वाचलं, उठला, कपाटातून एक जुनी फाइल काढून आणली आणि माझ्यासमोर आपटली. प्रभुभोजनाला चर्चमध्ये घोटभर द्राक्षारस लागतो, त्याचा रीतसर परवाना पाद्रीसाहेबांच्या नावावर त्याच कचेरीत होता. "हे पाहा," कारकून म्हणाला, "वाइन आधीच चालू आहे. आता शिंदी पाहिजे. पुढच्या वर्षी काय मागाल?" आयुष्यात सुपारीचं खांडही न खाल्लेला मी, तिथे मान खाली घालून उभा होतो, आणि मागच्या रांगेतला एक इसम माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होता.

असे चार बुधवार गेले. दर घरसभेत कोणीतरी विचारायचं, "शांतवनराव, कागद?" मी म्हणायचो, "विचाराधीन आहे." मग माझ्या अर्जासाठी प्रार्थना व्हायची. हळूहळू प्रार्थनेच्या यादीत माझा अर्ज आजारी माणसांच्या वर गेला. रतनबाई मात्र काही विचारत नसत. निघताना फक्त म्हणायच्या, "गुडघ्याला तेल चोळतेय रे लेकरा. फेरीत चार पावलं तरी चालीन म्हनते." त्या असं म्हणाल्या की मला रात्रीचं जेवण जात नसे. तसाही उपासकाळच होता, पण हे वेगळं.

शेवटचा शुक्रवार उजाडला तरी कागद आला नाही. मग मी ठरवलं. शनिवारी दुसरी शिफ्ट होती. सकाळी दिवस उगवता रहाटणीला जायचं, झावळ्या तोडायच्या आणि कागद येईल तेव्हा येईल. शालन म्हणाली, "अहो, उद्याच्या टपालाची तरी वाट बघा." मी तिला म्हटलं की काही कामांत पुरुषाला निर्णय घ्यावे लागतात. हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.

गेनबा मला बघून खूश झाला नाही. "मी झाडावर चढलो की जमादार म्हननार ताडी काढतोय. तुमीच चढा. तुमी साहेबावानी दिसताय. पर तीन नंबरच्या झाडावर जाऊ नगा. मुंगळे हायेत."

मी वर बघितलं. एक, दोन आणि चार नंबरची झाडं आभाळात गेली होती. तीन नंबरचं बुटकं आणि झावळ्यांनी गच्च. मुंगळ्यांना भिणारा माणूस मी नव्हे, असं म्हणून मी लेंगा खोचला, कोयता कमरेला अडकवला आणि तीन नंबरवर चढलो. शिंदीच्या झावळीच्या बुडाशी बोटभर लांब काटे असतात, ही माहिती मला बायबलात कुठेही मिळालेली नव्हती. पण मी हटलो नाही. एकेक करून चोवीस झावळ्या खाली टाकल्या. गेनबा खालून सारखा ओरडत होता, "बास झालं साहेब, उतरा! बास झालं!" मला वाटलं, त्याला झाडाची कणव आली. पंचविसावी धरायला मी शेंड्यामागे हात घातला आणि हाताला गार, गोल काहीतरी लागलं. मी ते पुढे ओढलं. दोरी सुटली. काठोकाठ भरलेलं मडकं कलंडून निम्मी शिंदी माझ्या डोक्यावरून टोपीत, टोपीतून मानेत आणि मानेतून लेंग्यात उतरली.

आता मला गेनबाच्या मुंगळ्यांचा अर्थ कळला. मी उरलेलं मडकं छातीशी धरून घसरत खाली आलो. लेंगा मागून उभा फाटला. पाय जमिनीला टेकले आणि समोर सयाजी जमादार, बरोबर एक शिपाई.

"काय काढत होता?"

"झावळ्या."

जमादाराने नाक पुढे केलं. "वास तर निराळा येतोय."

"हे अंगावर सांडलं, साहेब."

"अंगावर! नोकरीत अठरा वर्षं झाली, आजवर लोकांच्या घशातच सांडलेली बघितली. परवा शिमगा. शिमग्याच्या तोंडावर सगळे असलंच सांगतात. मडकं कोणाचं?"

गेनबा बांधाच्या पलीकडे हात जोडून उभा होता. तोंड पांढरंफटक. त्याच्यामागे त्याची बायको ठकुबाई, तिच्या कडेला पोर. गेनबाचं नाव घेतलं तर तो आत जाणार, आणि मडकं माझं म्हटलं तर उपासकाळात धडधडीत खोटं, वर नोकरी जाणार ती वेगळीच.

"माझं नाही," मी म्हणालो. "याहून जास्त सांगणार नाही."

रोमी सुभेदार पिलातापुढे प्रभू गप्प राहिला हा भाग मी आदल्याच दिवशी क्रूसमार्गाच्या उपासनेत मोठ्याने वाचला होता. पण त्या वेळी माझ्या मनात काही पवित्र विचार आले असं म्हणणं बरोबर होणार नाही. फाटलेला लेंगा झाकायला मी दोन्ही हात मागे धरले होते, आणि त्यामुळे बेड्या न घालताही मी चांगला मुरलेला गुन्हेगार दिसत होतो.

वरात निघाली. पुढे जमादार, मग मडकं घेतलेला शिपाई, मग दरवळणारा मी, आणि मागे डोक्यावर चोवीस झावळ्यांचा भारा घेतलेला गेनबा. आमच्या खोल्यांसमोरच्या नळावर नेमकी सकाळची गर्दी. इंदुताई हंडा भरत होत्या. त्यांनी वास घेतला, पदर नाकाला लावला आणि कळवळून म्हणाल्या, "अगंबाई, भाऊजी! उपासाच्या पोटी कशाला घ्यायची?" चाळीस दिवस कमावलेली माझी सगळी अब्रू त्या नळावर वाहून गेली.

चौकीत मला बाकावर बसवलं. पंचनामा सुरू झाला. जमादार माणूस शिस्तीचा. प्रत्येक झावळीच्या देठाला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, तुकड्यावर नंबर. नग एक ते चोवीस. मडक्याला वेगळी चिठ्ठी. दुपारी त्याने मला चहा आणि भाकरी देऊ केली. मी म्हटलं, उपास आहे. तो शिपायाला म्हणाला, "बघ, सगळं सोडतील पण सोंग सोडायचे नाहीत."

तीनच्या सुमाराला शालन आली. हातात सरकारी लखोटा. टपालाने आला होता. मी विजयी मुद्रेने तो जमादाराला दिला. त्याने फोडला, एकदा मनात वाचला, मग मोठ्याने वाचला:

"श्री. शांतवन भागाजी साळवे यांस मौजे रहाटणी येथील शिंदीचे झाड नंबर तीनपासून एका मडक्याने नीरा काढण्यास परवानगी देण्यात येत आहे. झाडाच्या झावळ्यांस कोणत्याही प्रकारे इजा करू नये."

 त्या कारकुनाकडे नमुना एकच होता. त्यात झावळ्यांना रकानाच नव्हता. त्याने बिचाऱ्याने माझं 'निरंक' खोडून एक मडकं घातलं होतं.

जमादाराने कागद उलटा करून पाहिला, उजेडाला धरून पाहिला. "म्हणजे मडकं कायदेशीर," तो सावकाश म्हणाला.

"आणि झावळ्या?"

"झावळ्या बेकायदेशीर."

त्याने मडक्याची चिठ्ठी फाडली आणि मडकं सन्मानाने माझ्या हातात दिलं. आतल्या मालाला एव्हाना चांगलाच फेस आला होता, पण त्याने नाक दुसरीकडे वळवलं. फार कागद लिहून झाले होते. पायरीवर बसलेला गेनबा रडत होता की हसत होता कळेना. "साहेब," तो म्हणाला, "तुमी माजं नाव घेतलं न्हाई. तुमचा आन् माजा देव एकच आसनार बगा."

मी जमादाराच्या विनवण्या केल्या. उद्या सकाळी दोन तासांपुरत्या झावळ्या द्या, परत आणून देतो. तो म्हणाला, "सोमवारी होळी. मंगळवारी हा मुद्देमाल तालुक्याला जाणार. तोवर माझ्या नजरेआड एक पानही जायचं नाही. तुम्ही सुटलात, आता घरी जा आणि आंघोळ करा."

घरी जाताना शालन म्हणाली, "पाद्रीसाहेबांना निरोप गेला बरं का. चारच्या गाडीने आपल्या मंडळीतले दौलतराव पुण्याला जात होते, त्यांच्याबरोबर. झावळ्या तोडून तयार आहेत म्हणून."

"अगं, पण त्या चौकीत आहेत!"

"कुठे आहेत ते त्यांनी विचारलं नव्हतं," शालन म्हणाली.

आंघोळ करून मी रतनबाईंकडे गेलो. काय तोंडाने सांगणार होतो देव जाणे. त्या दारात पाय पसरून बसल्या होत्या. दोरीवर त्यांचं पांढरं लुगडं नीळ घालून वाळत टाकलेलं.  मी सगळं सांगून टाकलं. कोयत्यापासून नळापर्यंत. त्या आधी पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "जमादार शेवटाला काय म्हनाला? शब्द न् शब्द सांग."

"म्हणाला, माझ्या नजरेआड एक पानही जायचं नाही."

"मग त्याला संगं घ्यायचा की, लेकरा. एवढं शिकवलं तुला, आन् एवढं उमगंना?"

रविवारी सकाळी साठ माणसं चौकीसमोर उभी होती. सगळ्यांत पुढे हातगाडीवर गोधडी घालून बसवलेल्या रतनबाई. पाद्रीसाहेब सायकलवरून आले ते शाळेकडे वळत होते. शालनने त्यांना चौकीकडे वळवलं. मंडळी चौकीसमोर, आणि सेक्रेटरी सगळ्यांच्या मागे तोंड लपवून, हे दृश्य पाहून ते सायकलवरून उतरायचंच विसरले.

जमादार बाहेर आला. रतनबाई म्हणाल्या, "साहेब, झावळ्या तुमच्याच ताब्यात ऱ्हाऊ द्या. आमी निस्त्या धरनार. तुमी फुडं चाला, शिपाई मागं चालू द्या. एक पान हाललं तर मला आत टाका. माझे गुडघे गेल्यात, म्या काय पळून जानार न्हाई."

"मावशी, हे कायद्यात बसत नाही."

"तीस वर्सं गावोगाव फिरले. चांगला शिपाई कायदाबी जपतो आन् मानसंबी जपतो. तसलेबी पायलेत म्या."

 जमादार आत गेला, टोपी घालून आला, आणि एकेक झावळी मोजून, अंगठा किंवा सही घेऊन वाटली. चोवीस झावळ्या साठ जणांत. घराला एक, उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना. चोविसावी रतनबाईंना.

पेटी खांद्यावर, टाळ हातात, आम्ही गात निघालो. सर्वांपुढे सयाजी जमादार, छाती काढून. होळीला एक दिवस बाकी होता. बाजारातली माणसं दुकानाबाहेर आली. "यंदा शिमग्याची सोंगं लवकर निघाली!" कोणीतरी ओरडलं. "पर जमादाराचं सोंग लई हुबेहूब!" जमादाराचे कान लाल झाले, पण त्याने पाऊल चुकवलं नाही. आणि शाळेच्या फाटकाशी रतनबाईंनी हातगाडी थांबवायला लावली, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उतरल्या. फाटकापासून दारापर्यंत त्या चालल्या. चार म्हणाल्या होत्या, सतरा पावलं चालल्या. मी मोजली. प्रत्येक पावलाला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती आणि त्या गाणं सोडत नव्हत्या. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता; शालनने हे वाचलं तरी हरकत नाही, ती पण रडत होती.

उपासना संपली. जमादार दारातच उभा होता. त्याने झावळ्या परत मोजून घेतल्या. तेवीस. रतनबाई परत हातगाडीवर बसल्या होत्या, झावळी खांद्याला लावून, डोळे मिटून. काट्याने त्यांच्या बोटाला ओरखडा आला होता.

"मावशी," जमादार म्हणाला, "एक राहिली."

त्यांनी डोळे उघडले. "व्हय की साहेब. घ्या." आणि लगेच झावळी पुढे केली.

जमादाराने हात पुढे केला नाही. त्याने खिशातून पंचनामा काढला, पेन्सिलीने काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "काल मोजताना आमच्या शिपायाची चूक झाली," तो म्हणाला. "मूळचा माल तेवीसच होता." 

माझ्यावर काही खटला झाला नाही. झावळ्यांवर झाला. तारखा पडत राहिल्या आणि तेवीस झावळ्या तालुक्याला कुठल्याशा खोलीत वाळत राहिल्या. रतनबाई त्याच श्रावणात गेल्या. ताप आला, तीन दिवसांत आटोपलं. आम्ही सगळे होतो.

पुढच्या वर्षी उपासकाळाची सुरुवात चिंचवडलाच करायची ठरली. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पाद्री सगळ्यांच्या कपाळाला राख लावतात, आणि ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करायची असते. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "चिंचवडची एखादी झावळी आहे का?"  तेव्हा कुसुमताई उठून घरी गेल्या आणि रतनबाईंच्या उशाशी ठेवलेली ती एक झावळी घेऊन आल्या. देठाला सुतळी आणि पुठ्ठा तसाच होता.

आमच्या अंगणात घमेल्यात ती जाळली. एका झावळीची राख ती केवढी! काडेपेटीत मावेल एवढी. साठ कपाळं. पाद्रीसाहेबांनी बोटाच्या टोकाने इवली इवली लावली. मी शेवटी उभा होतो, तरी मला पुरली.

तिथून मी तसाच दुसऱ्या शिफ्टला गेलो. गेटवरचा वॉचमन सोनबा म्हणाला, "साहेब, कपाळाला काय लागलंय बगा."

मी पुसायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला.

"आमच्या रतनबाई," मी म्हणालो, आणि आत गेलो.